हात सोड, मग विचार

"आलं का?"

बेकरीवाल्याच्या छपरावर पोट टेकून, एका हातानं अँटेनाची काठी घट्ट धरून खारूनं पुन्हा विचारलं. खाली अंगणात आई उभी होती. आईचे ओठ हलत होते, आवाज मात्र छपरापर्यंत पोचत नव्हता.

"आई, मोठ्यानं बोल ना!"

आईनं आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. गल्लीत कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि म्हणाली, "ते म्हणताहेत, मुंग्याच आहेत."

"काय?"

"मुंग्या!" आई जेमतेम एक पट्टी वर चढून म्हणाली आणि लाजेनं कानापर्यंत लाल झाली.

आईचा आवाज आजवर कधी उंबरठा ओलांडून गेला नव्हता. दूध उतू जात असलं तरी ती "अगं बाई" असं फक्त दुधालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायची. आणि आज तिला भर दुपारी, परक्याच्या अंगणात उभं राहून, मुंग्या मुंग्या म्हणून ओरडायचं होतं. पण इलाज नव्हता. बेकरीवाल्याच्या बैठकीत नव्याकोऱ्या टीव्हीसमोर बाबा खुर्चीवर बसले होते, खुबा मोडलेला पाय स्टुलावर ठेवून. पडद्यावर चित्र आलं की बाबा खिडकीतून आईला सांगणार, आई छपरावर खारूला सांगणार, आणि खारू वर माशाच्या सांगाड्यासारखी ती अँटेना बोटभर इकडे, बोटभर तिकडे फिरवणार. तिघांची अशी साखळी होती आणि साखळीची मधली कडी लाजत होती.

"आलं!" अखेर आईनं हात हलवून सांगितलं. "आलं म्हणताहेत! माणसं दिसताहेत!"

खारूनं दातात धरलेला पाना काढला, बोल्ट कचकचून आवळला आणि शिडीवरून सरसर खाली आली. बैठकीत पाऊल टाकते तो काय, पडद्यावर पुन्हा मुंग्यांचं वारूळ फुटलेलं. बेकरीवाला तिच्याकडे असा बघत होता, जणू तिनं त्याची भट्टी विझवली.

ती पुन्हा चढली. पुन्हा आलं. पुन्हा उतरली. पुन्हा गेलं. तिसऱ्या खेपेला ती घामानं निथळत खाली आली तेव्हा डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. सोळा-सतरा वर्षांचं वय, त्यात बेकरीवाल्याच्या बैठकीत शेजारपाजारचे दहा लोक टीव्ही बघायला जमलेले.

बाबांनी तिला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "आलं असं ऐकतेस, तेव्हा तुझा हात कुठं असतो?"

"काठीवर."

"मग ते चित्र अँटेनानं आणलेलं नाही. तू आणलेलं आहेस. माणसाचं अंगही अँटेनाच असतं बाळा. तू धरून उभी आहेस तोवर ठीक, तू उतरलीस की चित्रही उतरलं तुझ्यामागनं."

"मग काय करू?"

"हात सोड, मग विचार."

चौथ्या खेपेला खारूनं काठी फिरवली, दोन्ही हात सोडून कौलांवर बसली आणि मग विचारलं. मुंग्या. पुन्हा फिरवली, पुन्हा हात सोडले. उन्हानं डोकं तापलं, गुडघे सोलले, पण आता तिला कळलं होतं की आपण नक्की काय शोधतोय. अर्ध्याएक तासानं खालून आईचा बारीक आवाज आला, "आलं." खारूनं आपले रिकामे हात बघितले आणि एकटीच हसली.

*

खरं तर हा धडा बाबा स्वतः एकदाच विसरले होते, आणि त्याचीच किंमत पायानं मोजली होती.

बाबांचं दुकान रेडिओ दुरुस्तीचं. टीव्ही आले तसे बाबा टीव्हीकडे वळले. त्या वर्षी गावातल्या चार मजली इमारतीत पहिला टीव्ही आला. गच्चीवर पाण्याची टाकी, टाकीवर अँटेना. संध्याकाळी कसलासा मोठा कार्यक्रम होता, अख्खी इमारत त्या एका घरात कोंबून बसली होती. बाबांनी काठी फिरवली आणि चित्र असं लख्ख आलं की खालून एकच गलका झाला: "आलं! आलं! असंच धरा! हलू नका!"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, धरायला मी काय खुंटी आहे? पण बाबा पडले भिडस्त. लोक एवढे हौसेनं बघताहेत, संपेपर्यंत धरू, मग नीट बसवू, असं म्हणून ते टाकीच्या कडेला एका पायावर भार देऊन काठी धरून उभे राहिले. कार्यक्रम काही संपेना. खाली पडद्यावरच्या मुंग्या गेल्या त्या बाबांच्या पायात आल्या. पाय बधिर झालेला त्यांना पाऊल उचलेपर्यंत कळलंच नाही. टाकीवरून खाली गच्चीवर कोसळले. टाकीच्या दुसऱ्या बाजूला कोसळले असते तर खाली थेट रस्ता होता.

आणि खाली काय झालं? चित्र गेलं म्हणून लोक ओरडले. बराच वेळ ओरडत राहिले. कोणीतरी चिडून वर बघायला गेलं, तेव्हा कळलं.

रुग्णालयातून बाबा काठी टेकत घरी आले. दुकानात बसून सोल्डर लावणं जमत होतं, शिडीची पहिली पायरीही जमणार नव्हती. आणि टीव्ही तर धडाधड येत होते. छपरावर कोण चढणार, हा प्रश्न घरात दोन-तीन दिवस कोणी मोठ्यानं विचारला नाही. चौथ्या दिवशी खारूनं शिडी उचलून खांद्यावर घेतली. लहानपणी खारीमागे झाडावर चढून बसली म्हणून बाबांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. आता नावाला जागायची वेळ आली होती.

तेव्हापासून तिघांची वरात निघू लागली. सायकलच्या कॅरिअरवर बाबा, सायकल ढकलणारी खारू, आणि मागून तारेचं वेटोळं खांद्यावर अडकवलेली आई. लोक दारात येऊन बघत. आत्या तर बघून गेली आणि आठवडाभर तिचा घास घशाखाली उतरला नाही म्हणे.

"मुलगी आहे की माकड?" बाबांची ही थोरली बहीण दर रविवारी येऊन विचारायची. "आज छपरावर चढतेय, उद्या उतरायचं विसरेल. मग बसा हाका मारत."

"हाका मारायला हिची आई आहे," बाबा म्हणायचे.

"ही? हिला तर शिंकसुद्धा ऐकू येईल अशी येत नाही!"

आई हसून चहा पुढे करायची.

*

ते दशकच तसं होतं. आज सांगितलं तर पोरांना खोटं वाटेल. टीव्हीला लाकडी कपाट असायचं, कपाटाला दार, दाराला कुलूप. एका घरात टीव्ही, आणि त्या घराच्या दारात वीस घरांच्या चपला. ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्याशी भांडायची कोणाची छाती नसे. निदान रविवारचा सिनेमा होईपर्यंत तरी नाही. मग दुसऱ्या घरात आला, चौथ्या घरात आला, आणि बघता बघता सगळ्या छपरांवर माशांचे सांगाडे उगवले, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, डोंगराआडच्या मनोऱ्याकडे. वारा सुटला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुकानापुढे रांग. कोणाचं तोंड फिरलंय, कोणाची काठी वाकलीय, कोणाच्या तारेवर माकडं झोके घेऊन गेलीत.

खारू वाढली ती या छपरांवर. इतर मुली गल्लीतून गाव बघत होत्या, ती वरून बघत होती. वरून गाव वेगळंच दिसतं. खाली मिशीला पीळ देऊन चालणारा वखारवाला गच्चीवर चोरून कबुतरांशी लाडेलाडे बोलायचा. सासूपुढे मान वर न करणारी शिंप्याची सून कपडे वाळत घालताना मोकळ्या गळ्यानं गायची. एका गच्चीवर एक बाई रोज त्याच वेळी येऊन भिंतीला टेकून रडायची आणि डोळे पुसून खाली जायची. बाबांनी पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं, "छपरावर पाहिलेलं छपरावरच ठेवायचं. खाली आणलंस तर उद्या कोणी शिडी लावू देणार नाही." खारूनं ते कधी खाली आणलं नाही. पण एवढी माणसं पोटात ठेवून हिंडायचं म्हणजे माणूस वयाआधी शहाणं होतंच.

एका गच्चीवर तिला एक क्लॅरिनेटवाला भेटला. बँडमध्ये नवा लागलेला, घरात वाजवू देत नाहीत म्हणून वर येऊन सराव करणारा. सराव असा, की कबुतरं गाव सोडून जातील.

"जरा थांबता का?" खारू शेजारच्या छपरावरून म्हणाली. "मला खालचं ऐकू येत नाहीय."

"किती वेळ?"

"चित्र येईपर्यंत."

तो क्लॅरिनेट मांडीवर ठेवून निमूट बसून राहिला. चित्र आल्यावर तिनं "वाजवा आता" म्हटलं, तर म्हणाला, "नको, आता तुमचं 'आलं का' ऐकायची सवय झाली." पुढं काय झालं ते चाणाक्ष वाचकांना सांगायला नको. ते व्हायलाही बरीच वर्षं लागली.

आणि आई? आईचा आवाज त्या वर्षांत एखाद्या वेलासारखा वर चढला. आधी अंगणापुरता, मग कौलांपर्यंत, मग दुमजली घराच्या गच्चीपर्यंत. एकदा शेजारच्या गल्लीतली बाई दुसऱ्याच कामाला आली आणि म्हणाली, "तुम्ही 'आलं' म्हणालात, तर आम्हीही टीव्ही लावून बघितला हो!" आई त्या दिवशी लाजली नाही. घरी येऊन आरशासमोर उभी राहिली आणि आपल्याच गळ्याला हात लावून बघत बसली. खारूनं ते पाहिलं. तेही तिनं छपरावरच ठेवलं.

एकच छप्पर मात्र वर्ज्य होतं. त्या चार मजली इमारतीचं काम आलं की बाबा सरळ सांगायचे, "आम्ही तिथलं करत नाही." आता तिथं मजल्या-मजल्यावर टीव्ही झाले होते, टाकीवर एकच मोठी अँटेना, तिच्यातून सगळ्या घरांना तारा. ते काम हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानानं घेतलं. मग त्या इमारतीचे पाहुणे, सोयरे, शेजारी, सगळे त्याच दुकानाकडे जाऊ लागले.

खारूला वाईट वाटायचं ते त्याचं नव्हतं. ती एकदा आईला म्हणाली, "बाबांना वाटतं हे काम माझं नाहीच. त्यांच्या मोडक्या पायाची मी उसनवारी आहे. पाय बरा असता तर मी घरात असते. म्हणून तर ती इमारत मला देत नाहीत."

 आई लसूण सोलत राहिली, नेहमीपेक्षा जरा जोरात.

*

मग तो हॉकीच्या अंतिम सामन्याचा दिवस उगवला. खारू तेव्हा बावीस-तेवीसची असेल. आदल्या दिवशी असा वारा झाला होता की दुकानांच्या पाट्या उडाल्या. सकाळपासून खारूनं सात-आठ छपरं केली होती आणि दुपारी घरी येऊन पाण्याचा पहिला घोट घेते, तोवर आत्या हजर. या वेळी आत्या नुसती टोमणे घेऊन आली नव्हती. नोकरी घेऊन आली होती.

"सरकारी कचेरी. डोक्यावर पंखा, बसायला खुर्ची. उद्या दहाला साहेबांनी बोलावलंय. केस धुऊन ये बाई, डोक्यात जळमटं घेऊन येऊ नकोस."

खारूनं बाबांकडे पाहिलं. बाबा हातातला स्क्रू-ड्रायव्हर उगाच पुसत होते.

"जा," ते म्हणाले. "मी किती दिवस तुला छपरांवर टांगून ठेवणार?"

"तुम्ही टांगलंय का मला?"

बाबा उत्तर देणार, तेवढ्यात चार मजली इमारतीचा रखवालदार धापा टाकत दारात आला. "रेडिओवाले, पाया पडतो. अँटेना फिरलीय. मोठ्या दुकानाची माणसं आज कामाला नाहीत, तीही सामना बघायला बसलीत. अर्ध्या तासात सुरू होतोय. इमारतीतले लोक माझी चटणी करतील."

"आम्ही तिथलं करत नाही," बाबा म्हणाले.

"मी करते," खारू म्हणाली.

"तिथं नाही."

"का नाही?"

"का ते तुला माहीत आहे!" बाबांचा आवाज चढला. तो असा क्वचितच चढायचा. "मी महिनोन्महिने रुग्णालयात पडून होतो. तुला त्या टाकीवर पाठवू? वेड लागलंय मला?"

"बघ, बापालाच नको आहे," आत्या म्हणाली. "देवानंच मला आज पाठवलं."

खारूनं ओला हात कपड्याला पुसला. "बाबा, कचेरीत जायचं तर जाईन. पण पडलेल्या माणसाची मुलगी म्हणून नाही जाणार. ती इमारत एकदा करू द्या. मग उद्या सकाळी मी काय ते ठरवीन. मी. तुम्ही नाही, आत्या नाही."

 रखवालदार एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. आणि मग आतल्या दारातून आई आली. तिनं पायांत चपला घातल्या, खुंटीवरचं तारेचं वेटोळं खांद्याला लावलं.

"मी खाली उभी राहते," ती म्हणाली.

"तूसुद्धा?" बाबा म्हणाले.

"तुम्ही चढलात तेव्हा खाली खूप लोक होते," आई म्हणाली. "पण सगळे पडद्याकडे बघत होते. वर कोणी बघत नव्हतं. मी पडद्याकडे बघणारच नाही. मी हिच्याकडे बघेन."

लग्नानंतर बाबांच्या म्हणण्यावर आई इतकी वाक्यं सलग बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. आत्यासुद्धा तोंड उघडं टाकून बसली.

*

टाकीवर वारा अजून जिवंत होता. खारूनं आधी खाली पाहिलं नाही. काठीची पकड पाहिली, गंज पाहिला, पाय कुठं ठेवायचे ते ठरवलं. अँटेनाचं तोंड डोंगराकडे नसून थेट बाजाराकडे होतं, जणू भाजी आणायला निघालीय. मग तिनं टाकीच्या कडेवरून खाली नजर टाकली. रस्त्याच्या पलीकडे, चेंडूएवढी दिसणारी आई मान वर करून उभी होती. इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक खिडकीत कोणी ना कोणी होतं. सगळ्यांची तोंडं मात्र आतल्या बाजूला.

खारूनं बोल्ट सैल केला आणि काठी फिरवली. बोटभर. आणखी बोटभर.

पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावरून आरोळी उठली. "आलं!" मग दुसऱ्या, मग चौथ्या. "आलं, आलं! सुरू झालाय! असंच धरा!"

"हलू नका!"

"बाई, हात काढू नका! अजिबात काढू नका!"

खारूचे दोन्ही हात काठीवर होते. तेच शब्द. तीच टाकी. एक क्षण तिला बाबा दिसले, इथंच उभे, एका पायावर, भिडेपोटी. चांगुलपणा किती सोपा असतो, तिच्या मनात आलं. फक्त धरून ठेवायचं. खाली सगळे खूश. आणि मग पायात मुंग्या.

तिनं हात सोडले.

इमारतीतून असा आवाज आला जणू छतच कोसळलं. "गेलं! गेलं! अगं ए! धर ना! आता गोल होणार होता!" खिडक्यांतून मुंडकी बाहेर आली. एका म्हाताऱ्यानं तर तिथून चप्पल उगारली. आणि तेवढ्यात, अगदी तेवढ्यात, दूरवरच्या कुठल्याशा घरात, ज्याची अँटेना सकाळीच खारूनं बसवली होती, तिथं जल्लोष झाला. गोल झाला होता. चार मजली इमारतीचा हुकला होता.

आता शिव्यांना ऊत आला. खारूचे कान तापले. हात आपोआप काठीकडे गेले.

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. खारूनं तो आवाज आयुष्यात ऐकला नव्हता, आणि तरी तो ओळखीचा होता.

"गप्प बसा सगळे!" आई म्हणत होती. "एक गोल गेला तर जीव जात नाही! माझी मुलगी वर आहे! तिला हात सोडूनच बघू दे! दम धरा जरा!"

चारही मजले गप्प झाले. चप्पल उगारलेल्या म्हाताऱ्यानं चप्पल पायात घातली.

"खारू," आईचा आवाज पुन्हा वर आला, आता नेहमीचा, पण तितकाच स्वच्छ. "डावा पाय आत घे. कडेला आलाय."

खारूनं पाहिलं. खरंच आला होता. तिनं पाय आत घेतला, खाली बसली, श्वास घेतला. मग काठी फिरवायची, हात सोडायचे, विचारायचं. फिरवायची, सोडायचे, विचारायचं. कोणी घाई केली नाही. रखवालदार जिन्यात उभा राहून मजल्यांचा निरोप आईला देत होता, आई तो वर पोचवत होती, आणि खारूवरून नजर एकदाही काढत नव्हती.

"आलं," शेवटी आई म्हणाली. "सगळ्यांकडे आलं म्हणतात."

"हात सोडलेत मी!"

"दिसतंय मला."

बोल्ट आवळून, काठीला तारेचे तीन ताण देऊन खारू खाली उतरली, तेव्हा इमारतीत पुन्हा कोणीतरी गोल केला होता आणि तिच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. रखवालदारानं मात्र हळूच तक्रार केली, "पहिला गोल हुकला बरं का तुमच्यामुळं."

"मग दुसरा कोणामुळं दिसला?" आई म्हणाली आणि चालू लागली.

कोपऱ्यावर, बंद दुकानाच्या भिंतीकडे तोंड करून बाबा उभे होते. काठी टेकत घरापासून तिथवर आले होते, पण वर बघायची हिंमत झाली नव्हती. शेजारी त्यांचा दंड धरून आत्या. खारूची पावलं ऐकू आली तरी बाबा लगेच वळले नाहीत.

"हात सोडून पाहिलंस?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"पाहिलं."

"मग आलं?"

"आलं."

बाबांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग खिशातून आपला जुना पाना काढला, दुकानात मांडीशी असायचा तो, ज्याला ते कोणाला हात लावू देत नसत, आणि तिच्या हातातला पाना घेऊन त्याजागी हा ठेवला.

"उद्याचं काय मग?" आत्यानं विचारलं. पण आवाजात आता धार नव्हती.

"साहेबांना सांग, कचेरीत टीव्ही घेतला की बोलवा," खारू म्हणाली. "त्याच दिवशी येते."

आत्याला हसू आवरेना. रडूही आवरेना. ती म्हणाली, "निदान केस तरी धू."

*

दशक संपता संपता केबलच्या तारा आल्या. एका तारेत पन्नास चित्रं, मुंग्या नाहीत, फिरवणं नाही, ओरडणं नाही. लोकांना वाटलं आता खारूचं कसं होणार. खारूनं पाटी बदलली आणि त्याच छपरांवरून त्याच पायांनी नव्या तारा ओढल्या. गावाचं प्रत्येक कौल ओळखीचं होतं, दुसऱ्या कोणाला ते सापडलं नसतं. क्लॅरिनेटवाला आता घरातच वाजवत होता, आणि बरं वाजवत होता. दोघांची लेक दोन वर्षांची झाली होती, दिसेल त्यावर चढत होती. त्या धामधुमीत एक वर्ष असं आलं की बाबा गेले. दुपारी दुकानात, खुर्चीवर, हातात सोल्डर गरम असतानाच.

सगळ्या गावातल्या अँटेना खारूनंच उतरवल्या होत्या. स्वतःच्या घरावरची तेवढी राहिली. ती बाबांनी पहिल्यांदा बसवलेली, पाय धड असताना. ते होते तोवर म्हणायचे, "राहू दे, कावळ्यांना टेकायला होते." आता काठी गंजून शेजारच्यांच्या पत्र्याकडे झुकली होती. एका सकाळी, लेक झोपलीय तोवर, खारू शिडी लावून वर गेली.

आई अंगणात येऊन उभी राहिली. कोणी बोलावलं नव्हतं.

बोल्ट गंजला होता. बाबांच्या पान्यानं तो कुरकुरत सुटला. खारूनं काठी तोलून धरली, छपराच्या कडेवरून अलगद खाली सरकवली. सांगाडा वर, टोक खाली. आईनं दोन्ही हात उंचावले आणि काठी पकडली.

"सोड," ती म्हणाली. "धरलंय मी."

खारूनं हात सोडला.

आई अंगणाच्या मध्यभागी काठी उभी धरून राहिली. माशाचा तो गंजका सांगाडा तिच्या डोक्याच्या वर, सवयीनं डोंगराकडेच तोंड करून. खाली ठेवायला शेजारीच जागा होती. आई ठेवत नव्हती. घरातून लेक डोळे चोळत बाहेर आली आणि आजीच्या गुडघ्याला बिलगून, मान वर करून, त्या सांगाड्याकडे बघू लागली.

खारूच्या ओठांवर आलं होतं, आई, ठेव आता. धरून ठेवायचं नसतं.

पण ती बोलली नाही. कौलांवर बसून राहिली, पाय नीट आत घेऊन, आणि खाली आईकडे बघत राहिली.